फाईलचा मालक कोण?

मुलांनो, तुम्ही संगणक पाहिला असेल. पडद्यावरचे चित्र निवडले की काम सुरू होते. पण लिनक्स या प्रणालीवर काळ्या पडद्यावर अक्षरे लिहूनही हुकूम देता येतो. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली.

येथे प्रत्येक फाईलला एक मालक असतो. मालक आणि हुकूम हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत, नाही का? मालकानंतर येतो गट, आणि मग इतर सर्व लोक. वाचण्याच्या परवानगीचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, असे अंक ठरलेले आहेत. या सर्वांवर एक ‘रूट’ असतो. त्याला कोणतीही फाईल उघडता येते, आणि पुसताही येते!

एका शाळेतील संगणकांची देखभाल मी करत असे. परीक्षेचे गुण एक बाई भरत. एके सकाळी त्यांना उत्तर मिळाले, “परवानगी नाही.” निकाल दोन दिवसांवर आला होता. बाई घाबरल्या.

मदतीला आलेला एक तरुण म्हणाला, “सर, ७७७ द्या. लगेच उघडेल.”

उघडली असती, यात शंका नाही. पण ४, २ आणि १ मिळून ७ होतात. तीन वेळा ७ म्हणजे मालक, गट आणि इतर, सर्वांना सर्व काही करण्याची मुभा. त्याच संगणकावर दहावीची मुलेही बसत. कोणीही आपले ३५ गुण ७५ केले असते, किंवा दुसऱ्याचे ७५ पुसून ३५!

मी आधी फाईलची माहिती पाहिली. मालक होता रूट. आदल्या रात्री कोणीतरी रूट बनून जुन्या प्रतीवरून ती फाईल नव्याने तयार केली होती. जो फाईल बनवतो, तो तिचा मालक होतो.

हुकमाआधी ‘सुडो’ लिहिले, की त्या एका हुकमापुरता रूटचा अधिकार मिळतो. मात्र तुमचे नाव परवानगीच्या यादीत हवे. मी दोनच ओळी लिहिल्या. ‘सीएच-ओन’ने मालकी बाईंना आणि गट शिक्षकांना दिला. ‘सीएच-मॉड’ने ६४० केले. बाई वाचतील व लिहितील, इतर शिक्षक फक्त वाचतील, बाकीच्यांना काहीच नाही.

बाई गुण भरू लागल्या. मग मी दुसऱ्या संगणकावर, विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या नावाने तीच फाईल उघडून पाहिली. उत्तर आले, “परवानगी नाही.” मी निश्चिंत मनाने चहा प्यायला गेलो.