आठ पिल्लांचा हिशोब



मागच्या रविवारी मंदिरात पूजेनंतर एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, तुमच्या घरी पाली पाळल्यात म्हणे? खरं का?" खरं आहे. आणि नुसत्या पाळल्या नाहीत, गेल्या वर्षी आमच्या घरात त्यांची पिल्लंही काढली, तीही विकण्यासाठी. हे लिहायला मला वर्ष लागलं. लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नव्हतं. पण तुमच्याही घरात मुलं आहेत आणि त्यांचे हट्टही आहेत, म्हणून आज सगळं सांगते.

आम्ही टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. माझं माहेर जयसिंगपूरचं. लहानपणी घरात पाल म्हणजे दुधाच्या पातेल्यावर झाकण का ठेवायचं याचं कारण. पाल चुकचुकली की बोललेलं खरं ठरतं, एवढंच तिचं कौतुक. त्या घरातली मुलगी मी. चार वर्षांपूर्वी धाकट्याच्या शाळेतला मित्र गाव सोडून चालला. त्याची लेपर्ड गेको न्यायला कोणी तयार नव्हतं, तेव्हा आमचा मुलगा काचेची पेटी छातीशी धरून दारात उभा राहिला. "आई, कोणी नेली नाही तर ते तिला बाहेर सोडून देतील. मरेल ती."

आता यावर जैन आईने काय म्हणावं?

ही पाल आपल्या भिंतीवरच्या पालीसारखी नाही. तिच्या पायांना चिकटायच्या गाद्या नसतात, त्यामुळे ती भिंतीवर चढत नाही. तिला पापण्या असतात, ती डोळे मिटून झोपते. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, आणि जाड शेपटीत चरबी साठवलेली, उंटाच्या मदारीसारखी. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या मुलखातली. तिचीच एक बहीण-जात आपल्या महाराष्ट्र-गुजरातेतही आहे. लोक तिला विषारी समजून मारतात, पण ती बिचारी निर्विष असते. नीट सांभाळली तर लेपर्ड गेको १५-२० वर्षं जगते.

अडचण एकच होती, आणि ती मोठी होती. ही पाल फक्त जिवंत किडे खाते. फळ नाही, भाजी नाही, डाळ-भात नाही.

मी ठेवून घेतली. तिची पेटी आत, मुलाच्या खोलीत, आणि किड्यांचा डबा बाहेर गॅरेजमध्ये. मी त्या डब्याला हात लावणार नाही, एवढाच माझा धर्म मी पाळला. खरं सांगू? तो धर्म नव्हता, ती सोय होती. दारात आलेल्या एका पंचेंद्रिय जीवावर अनुकंपा करायची, तर रोज चार-पाच चतुरिंद्रिय जीव जायचे. या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही सापडलं नाही, आजही सापडलेलं नाही. आलेल्या जीवाला उपाशी ठेवणं हाही अहिंसाणुव्रताचा अतिचारच आहे. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे पाच आपण पाठशाळेत पाठ केले आहेत. मी शेवटच्या एकाची भीती बाळगून पुढे चालले.

मुलाचं मात्र तिच्यावर जिवापाड प्रेम होतं. पेटीत एका बाजूला ऊब, एका बाजूला गारवा, ओल्या शेवाळ्याची डबी, कॅल्शियमची पावडर, सगळं वेळेवर. अभ्यासाला बस म्हणून मला चारदा सांगावं लागतं, पण पेटी साफ कर असं एकदाही सांगावं लागलं नाही. मग एक दिवस त्या ओल्या डबीत दोन पांढरी अंडी निघाली. नर नसतानाही मादी अशी पोकळ अंडी घालते. त्यातून काही निघत नाही. पण मुलाच्या डोक्यातून मात्र कल्पना निघाली.

"आई, एक नर आणला तर एका हंगामात सोळा पिल्लं होतील. साठ डॉलरला एक. नऊशे साठ डॉलर! माझ्या कॉलेजला मी स्वतः पैसे जमवतो."

आमचे हे तर खूश. "पोरगं धंद्याचं बोलायला लागलं," म्हणाले. आपल्या रक्तात हिशोब आहे ना! मी कुरकुरले, तेव्हा मुलगा पाठशाळेतलं काढून माझ्यापुढे ठेवू लागला. "हिंसेचे चार प्रकार आहेत ना, संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी? गृहस्थाला संकल्पीचा पूर्ण त्याग, बाकीची कमीत कमी. मग ही उद्योगी झाली ना?" सोळा वर्षांच्या मुलाने एवढं लक्षात ठेवलं, याचंच मला इतकं कौतुक वाटलं की उत्तर द्यायचं राहून गेलं. मी हो म्हटलं. चूक माझी, त्याची नाही.

७५ डॉलरचा नर आला. ६० डॉलरचं अंडी उबवायचं यंत्र आलं. या जातीत पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या उबेवर ठरतं. ८० ते ८२ फॅरनहाइटला बहुतेक माद्या, ८८ ते ९० च्या आसपास नर जास्त. माद्यांना गिऱ्हाईक अधिक, कारण दोन नर एकत्र ठेवले की भांडतात. मुलाने काटा ८१ वर लावला आणि मला दाखवायला बोलावलं. मी तो काटा पाहत उभी राहिले. आपल्याकडे लिंग बघून जीव निवडण्याविरुद्ध १९९४ साली कायदा करावा लागला. तिथे मुली नको होत्या, इथे मुलगे नकोत. पालीत आणि माणसात फरक आहे, मला कळतं. पण "कशाला भाव जास्त" हा प्रश्न जीव जन्माला यायच्या आधीच विचारला जातो, हे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत होत होतं.

मादीने पाच वेळा दोन-दोन अंडी घातली. तिची जाडजूड शेपटी उतरत गेली. दहातली दोन अंडी वाया गेली, आठ पिल्लं निघाली. बोटाएवढी, अंगावर पट्टे. एकत्र ठेवली तर एकमेकांची शेपटी तोडतील म्हणून आठ वेगळ्या डब्या. तेव्हा गॅरेजमधल्या किड्यांचा डबा अपुरा पडला आणि मोठ्या पेट्या येऊ लागल्या. त्या रात्री भांडी आवरताना मी मनात गुणाकार केला. आठ पिल्लं, रोज पाच-पाच किडे, म्हणजे ४०. साठ दिवसांत दोन हजार चारशे. आपण जमिनीखालचं खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही, पाणी गाळून घेतो. आणि माझ्या घरात दोन हजार चारशे जीव.

उद्योगी हिंसेचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. पोटासाठी करावाच लागणारा उद्योग, त्यात टाळूनही न टळणारी हिंसा ती उद्योगी. आमची चूल त्या पालींवर पेटत नव्हती. पहिली पाल दारात आली, ती आमच्यावर आलेली वेळ होती. ही आठ आम्ही ठरवून, काटा लावून आणली. याला संकल्प नाही तर काय म्हणायचं?

विक्रीच्या आधी मुलगा मला इथल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनात घेऊन गेला. लांबच लांब टेबलं आणि प्रत्येकावर झाकणाच्या पारदर्शक वाट्या. आपण श्रीखंड बांधून देतो तशा. प्रत्येक वाटीत एक जीव, वर किंमत. एका टेबलावर मात्र पाच-सहाच पिल्लं होती. मागे साठीच्या बाई बसल्या होत्या. त्या गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारत होत्या, ऊब कशी देणार, डॉक्टर कोण, कॉलेजला गेलात की कोण बघणार. दोघांना त्यांनी विकायचं नाकारलं. मुलाने त्यांना फायद्याचं विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "विकलं न गेलेलं प्रत्येक पिल्लू वीस वर्षं सांभाळायची तयारी असेल, तेवढीच काढ."

येताना गाडीत मुलगा गप्प होता. मग त्याने मला लेमन फ्रॉस्टबद्दल सांगितलं. लिंबासारख्या झळझळीत पिवळ्या रंगाची ही जात काही वर्षांपूर्वी निघाली, भरपूर किमतीला विकली गेली. पुढे त्या पालींच्या कातडीवर गाठी येऊ लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं की जो जनुकीय बदल तो रंग आणतो, त्याच्याशीच त्या गाठींचाही संबंध आहे. पाचातल्या चारांहून अधिक पालींना गाठी होत होत्या. पण ज्याच्याकडे त्या होत्या त्या पाळणाऱ्यानेच आपले प्राणी अभ्यासाला दिले, म्हणून हे कळलं. एनिग्मा नावाची आणखी एक जात आहे. ती सुंदर दिसते, पण तिच्यातल्या कित्येक गोल गोल फिरत राहतात, मान वाकडी होते. "आणि तरी लोक पैदास करतात, आई. रंग विकला जातो ना."

आमच्या आठातलं एक पिल्लू पाठीत वाकडं निघालं होतं. त्याला भक्ष्यावर झेप घेता येत नव्हती. बाकी सातातली पाच मिळून २१० डॉलरला गेली, दोन ओळखीच्या घरी तशीच दिली. खर्च मी मांडला. नर ७५, यंत्र ६०, डब्या आणि उबेच्या गाद्या ११०, किडे १४०, वाकड्या पिल्लाचे आणि अशक्त झालेल्या आईचे डॉक्टर १६५. एकूण ५५०. तोटा ३४०.

ह्यांनी कागद पाहून म्हटलं, "पुढच्या वर्षी यंत्राचा खर्च नाही, फायदा होईल." मी मुलाकडे पाहिलं. तो वाकड्या पिल्लाला चिमट्याने भरवत होता. वर न बघता म्हणाला, "पप्पा, पुढच्या वर्षी नाही. मला पाली आवडतात, पण त्यांना काढायला नाही."

मैत्रिणींनो, मला वाटत होतं की पैशासाठी केलं तर वाईट आणि आवडीने केलं तर चांगलं. आता तसं वाटत नाही. पैशामागे लोभ असतो, आवडीमागे आसक्ती. दोन्ही बांधतात. त्या टेबलावरच्या बाईंकडे आवड होती, पण तिच्यापुढे त्यांनी जबाबदारी ठेवली होती. म्हणून त्या "नाही" म्हणू शकत होत्या. माझ्या मुलाकडेही ती आली, आणि ती माझ्या उपदेशाने नाही, विकल्या न गेलेल्या एका वाकड्या जीवामुळे आली.

यंत्र देऊन टाकलं. नर आणि मादी आता कायमचे वेगळ्या पेट्यांत आहेत. मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल, मग तिन्ही पाली माझ्याकडे. किड्यांचा डबा गॅरेजमधून घरात आला आहे. रोज संध्याकाळी तीन पेट्यांचं मीच बघते. हात लावणार नाही म्हणण्याचा हक्क मी गमावला आहे. त्या वेळी णमोकार म्हणते आणि मोजून टाकते, एकही जास्त नाही.

यंदा क्षमावाणीला मुलगा सगळ्यांना नमस्कार करून झाल्यावर आपल्या खोलीत गेला. दार उघडं होतं. वाकड्या पिल्लाच्या पेटीसमोर हात जोडून उभा होता. मी आत गेले नाही. बाहेरूनच मीही हात जोडले.

उत्तम क्षमा.