रिंगेचा हूक

पार्किंगमधला कॉलम मिस्त्री छन्नीने फोडत होते आणि वरच्या मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. साइटवरचा माझा पहिलाच दिवस. राहत्या इमारतीचा खांब असा सोलायचा, या कल्पनेनेच माझ्या पोटात गोळा आला. बीमखाली लोखंडी जॅक लावलेले होते, तरी मी वारंवार वर बघत होते.

"सर, नागपूर तर भूकंपाच्या झोन दोनमध्ये. मग हे कशासाठी?"

"किल्लारी कुठल्या झोनमध्ये होतं?" सरांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ची ती भूकंपाची पहाट उजाडली, तेव्हा किल्लारी झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं. तिथली घरं दगडमातीची होती, हे खरं. पण २००१ साली भूजच्या भूकंपात अहमदाबादला कोसळल्या त्या इमारती काँक्रीटच्याच होत्या, केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर. त्यांतल्या कितीतरी इमारतींखाली असंच बिनभिंतींचं पार्किंग होतं.

बाहेरच्या काँक्रीटचं कव्हर निघालं आणि उभ्या सळयांभोवतीची जुनी रिंग उघडी पडली. टोकं नुसती काटकोनात वळवलेली.

"हे हूक उघडलं का मॅडम, सळाखा बाहेर फुगते, कालम पोटातून फुटते," मिस्त्री म्हणाले.

कॉलेजात १३५ अंशांचा हूक मी मार्कांसाठी पाठ केला होता. त्याचं टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतलेलं राहतं, म्हणून कव्हर उडालं तरी रिंग सुटत नाही, हे त्या दिवशी कळलं.

नवी रिंग घालायची कशी, हे मात्र उमगेना. उभ्या खांबात ती वरून ओवता येत नाही. फिटरने दोन तुकडे आणले, दोन्ही बाजूंनी बसवले, टोकं जागेवरच वाकवली. बीमजवळ रिंगा दाट, मधे विरळ. नव्या सळया स्लॅबला भोकं पाडून वरच्या मजल्यात नेल्या, खाली पायापर्यंत उतरवल्या. मग चहूबाजूंनी १०० मिलिमीटरचं काँक्रीटचं जॅकेट द्यायचं होतं. एकच कॉलम जाड केला तर तो ताठ होऊन हादऱ्याचा जास्त वाटा स्वतःवर ओढतो, म्हणून हिशेब सगळ्या इमारतीचा करावा लागतो, असं सर म्हणाले. तो हिशेब मला अजून नीट जमत नाही.

हूक मात्र ओळखता येतात. सेंटरिंग लावण्याआधी एकेक बोटाने तपासले. एक काटकोनात राहिला होता.

"एका हुकासाठी काऊन थांबवता, मॅडम?" फिटरने विचारलं. मी मघाची जुनी रिंग उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने बाइंडिंगची तार सोडली.