गोठणाऱ्या जमिनीखालचे पाणी

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा हे दहा हजार सरोवरांचे राज्य म्हणून ओळखले जाते. पाण्याला तेथे तोटा नाही. तरीही शहराबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला हिवाळ्यात धास्ती असते ती पाण्याचीच. तेथे नगरपालिकेचा नळ पोहोचत नाही. घरची कूपनलिका, तिच्यातील सबमर्सिबल पंप आणि तळघरातील दाबाची टाकी, एवढाच आधार. याच राज्यात टॉवर या गावाजवळ 2 फेब्रुवारी 1996 रोजी पारा उणे 51 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

निवृत्तीनंतर लेकीकडे राहण्याचा योग आला, तेव्हा ही व्यवस्था जवळून पाहता आली. अंगणात झाकण लावलेली एक पोलादी नळी, एवढेच वर दिसते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि लोखंडी नळही फोडते. म्हणून त्याला थंडीच्या खालून वाट दिलेली असते. घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात साडेतीन फूट, तर उत्तरेत 5 फूट खोल असावा, असा तेथील नियम आहे; जलवाहिनी त्याहूनही खाली टाकतात. कूपनलिकेतील पाणी त्या खोलीवरच आडवे वळून तळघरात येते.

या वाहिनीवर साचलेला बर्फ मात्र कोणी काढत नाही. भुसभुशीत बर्फ गोधडीसारखी जमिनीची ऊब राखतो. तो उपसला किंवा त्यावरून मोटारी नेल्या, की गारठा खोल उतरतो.

जुन्या घरांत पंप बाहेरच्या लहान खोलीत असतो. तेथे पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचची बारीक नळी गोठली, की पंप सुरूच होत नाही किंवा थांबत नाही. अशा वेळी प्रथम वीज बंद करतात, नळ उघडा ठेवतात आणि केस वाळवण्याच्या यंत्राने नळीला हळूहळू ऊब देतात. उघडी ज्योत मात्र कधीही लावू नये. बागेतील रबरी नळ्या ऑक्टोबरातच काढून ठेवतात. वीज गेली तर पंप थांबेल, म्हणून पिण्याचे पाणीही भरून ठेवतात.

आपल्याकडे विहिरीची चिंता वैशाखात, तेथे ती पौषात. ऋतू वेगळे असले तरी हिशेब एकच: तरतूद सुगीच्या दिवसांतच करावी लागते. जमीन एकदा गोठली, की कुदळ चालत नाही.