स्वमग्न

मराठीत 'ऑटिझम'साठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. शब्द देखणा आहे. कदाचित गरजेपेक्षा अधिकच. 'मग्न' म्हटले की ध्यानस्थ साधक आठवतो, आपल्यातच हरवलेला कवी आठवतो. अमेरिकेतील एखाद्या राज्य-विद्यापीठाच्या प्रशस्त व्याख्यानगृहात, तीनचारशे विद्यार्थ्यांच्या गर्दीत बसलेला अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा मात्र स्वतःत बुडालेला नसतो. नळीच्या दिव्याची गुणगुण, मागच्या रांगेतील कागदांची सळसळ, शेजाऱ्याच्या अत्तराचा दर्प आणि प्राध्यापकांचे वाक्य, सारे एकाच वेळी, सारख्याच जोराने त्याच्यावर येऊन आदळत असते. जग त्याच्यापासून दूर नसते. ते फार जवळ आलेले असते.

शाळेत त्याची दखल इतरांनी घेतली होती. १९७५च्या कायद्याने अपंग मुले हुडकून काढून प्रत्येकासाठी वेगळा शिक्षण-आराखडा करण्याचे काम तेथील शासनयंत्रणेवर सोपविले. १९९०मध्ये त्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख आला. विद्यापीठाचा उंबरठा ओलांडला की ही व्यवस्था संपते. पुढे १९७३च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४वे कलम आणि १९९०चा अपंगांविषयीचा कायदा. विद्यापीठाने भेदभाव करू नये, वाजवी सोय द्यावी, हे खरे. परंतु मागायचे विद्यार्थ्याने. कार्यालय शोधायचे, निदानाचे कागद जमवायचे, भेटीची वेळ ठरवायची, मग मिळालेले पत्र प्रत्येक प्राध्यापकापर्यंत पोहोचवायचे. आईने दूरध्वनी केला तर मुलाच्या संमतीवाचून कार्यालय सहसा बोलत नाही. तो आता सज्ञान आहे ना!

अवधान टिकत नाही अशा अतिचंचल मुलाची कोंडी याहून विलक्षण. कामाला आरंभ करणे, क्रम लावणे, मुदत पाळणे, म्हणजे जे त्याला साधत नाही नेमके तेच, साहाय्याच्या दारातच त्याच्याकडून अपेक्षिले जाते. पांगळ्याला 'जिना चढून या, कुबड्या वर ठेवल्या आहेत' असे सांगावे, तसे हे. त्याला आळशी म्हणणारे शिक्षक दुष्ट नसतात. त्यांना जिना दिसत नाही, इतकेच. आपल्याकडे २०१६च्या कायद्याने मान्य केलेल्या एकवीस अपंगत्वांत स्वमग्नता आहे, अतिचंचलता स्वतंत्रपणे नाही. अशा मुलाला तर जिनाही नाही.

वेस्ट व्हर्जिनियातील मार्शल विद्यापीठासारख्या काही सार्वजनिक विद्यापीठांनी याहून पुढे जाऊन, विद्यार्थ्याच्या दिनक्रमात सोबत करणारी माणसे नेमली. पण अशा योजनांना अनेक ठिकाणी वेगळे शुल्क पडते. असो.

तो मुलगा पहिल्या सत्रात दोनदा त्या कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन परतला. आत रांग होती, घंटी वाजत होती. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सत्राची अखेर जवळ आली होती. दीडपट वेळ आणि स्वतंत्र खोली मंजूर झाली. परीक्षेच्या दिवशी त्याने पर्यवेक्षिकेला एवढेच विचारले की, दिवा मालवला तर चालेल का? खिडकीतून उजेड पुरेसा येत होता. तिने बटण दाबले. गुणगुण थांबली. त्याने प्रश्नपत्रिका जवळ ओढली.