तिसरा मित्र

न्यूयॉर्कमधील ‘बीस्टी बॉइज’ या रॉक व रॅप गाणाऱ्या वृंदातील मायकेल डायमंड आणि अ‍ॅडम होरोविट्झ या मित्रांचे आठवणींचे पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. ते मी वाचले नाही, ध्वनिमुद्रणातून ऐकले.

पोरवयातील मैत्री, फसलेले बेत, थट्टामस्करी ऐकताना मला हसू आवरेना. पण वृंद तिघांचा होता. तिसरा मित्र अ‍ॅडम यॉक २०१२ साली कर्करोगाने निवर्तला. दोघांनी नवा सोबती घेतला असेल, असे मला वाटले. छे! त्यांनी वृंदच मिटविला आणि पुढे त्याच्या आठवणी सांगितल्या. वाचणाऱ्यांत तो नाही, तरी प्रसंगाप्रसंगातून तोच भेटतो.

मित्राची रिकामी जागा नेहमीच भरावयाची नसते; कधी ती जपावयाची असते, हे मला त्या दोन आवाजांनी शिकविले.