लाकूड आतून कोरडे हवे

येलदरीच्या धरणात फिरवायला आम्ही बापलेकांनी घरीच शिडाची लाकडी नाव बांधली. बुडाला डांबर होते. पावसाळ्याच्या तोंडावर घाई झाली. डांबर पुरते न खरवडता, ओलसर फळ्यांवरच फायबरचे मॅट आणि रेझिन चढवले. वरून नाव चकाचक! वर्षभरात थर सुटला, आत पाणी कोंडले, फळ्या कुजल्या. ऐन पाण्यात फुटली असती तर?

पुढच्या उन्हाळ्यात कुजके लाकूड बदलले, फळ्या वाळवल्या, पॉलिश पेपरने घासल्या. हार्डनर मोजून घातला, बुडबुडे दाबून काढले.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली, पैलतीरी जाण्यासाठी. आमच्या विहाराला दर जयंतीला नवा रंग लागतो. मुलांचा अभ्यासवर्ग मात्र बंद आहे. बंधूभगिनींनो, आधी आतले लाकूड पाहू या. जयभीम!