पापनिवेदनाच्या रांगेत

"पाप करायचं, फादरच्या कानात सांगायचं, मोकळं व्हायचं. सोपा धर्म!" देवळ्यात चहा पिता पिता इतिहासाचे आमचे निवृत्त सर म्हणाले. मला ते फार लागलं. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मी सरांनाच सोबत घेतलं.

भावडबारीचा घाट, सोग्रस फाटा, पिंपळगाव मागे पडलं. यात्रेमुळे लॉजवाल्याने दुप्पट भाडं घेऊन बिनखिडकीची खोली दिली. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी मिस्साआधीच पापनिवेदनाची लांब रांग लागलेली. वसई-मुंबईकडची माणसं एकेक करून फादरपाशी वाकत होती. मी दर्शन विसरून तिथेच रेंगाळलो.

बाळ येशूची ही भक्ती मूळची प्रागची. तिथली मूर्ती पोलिक्सेना लोबकोविच यांनी १६२८ साली कार्मेल संन्याशांना दिली. त्याच प्रागमध्ये १३९३ साली नेपोमुकच्या जॉन या धर्मगुरूला राजाने नदीत बुडवून मारलं. राणीने पापनिवेदनात काय सांगितलं ते त्यांनी राजाला सांगितलं नाही म्हणून, अशी श्रद्धा आहे.

"दंतकथा!" सर म्हणाले. "भांडण राजा आणि आर्चबिशपचं होतं, एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून. राणीची गोष्ट कित्येक दशकांनी लिहिली गेली."

सरांचं खरं आहे. पण गुप्ततेचा नियम या गोष्टीवर उभा नाही. १२१५च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केलं, आणि ऐकलेलं पाप उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्ताला बसवायचं ठरवलं. आज तर त्याला थेट धर्मबहिष्कृत व्हावं लागतं. लोकांनी जॉनना या गुप्ततेचे हुतात्मे मानलं, १७२९ साली ते संत झाले. असं माणूस आपल्याला हवं, ही भूक मला त्या दंतकथेत दिसते.

आणि सोपं कुठे आहे? आधी मनापासून पश्चात्ताप हवा, मग स्वतःच्या तोंडाने कबुली. फादर ख्रिस्ताच्या नावाने क्षमा उच्चारतात, पण दिलेलं प्रायश्चित्त उरतंच. चोरी केली असेल तर माल परत करावा लागतो. "म्हणजे शेतकऱ्याचा कांदा काट्यावर मारला, तर नुसतं सांगून भागणार नाही?" सरांनी विचारलं.

नाही, सर. ज्याचा मारला त्याचे पैसे त्याच्या घरी पोचले पाहिजेत.